मॉडेल रॉकेटच्या उड्डाणदिनाचे शास्त्र आणि कोथरूडची अडचण

पुठ्ठा, कागद, बाल्सासारखे हलके लाकूड किंवा पातळ प्लॅस्टिक यांपासून बनवलेला, कारखान्यात तयार झालेल्या घन इंधनाच्या छोट्या मोटरवर उडणारा, विजेच्या तारेने दुरून पेटवला जाणारा आणि उड्डाणानंतर पॅराशूटसारख्या आधाराने खाली येऊन पुन्हा वापरता येणारा लहान अग्निबाण म्हणजे मॉडेल रॉकेट होय. या व्याख्येतील प्रत्येक विशेषण सुरक्षिततेच्या एकेका नियमातून आलेले आहे आणि त्यांतील एक जरी वगळले तरी जे उरते त्याला या छंदात मॉडेल रॉकेट म्हणत नाहीत. दिवाळीत कोथरूडच्या गल्ल्यांतून बाटलीत उभे करून उडवले जाणारे रॉकेट या कसोटीला मुळीच उतरत नाही, कारण त्याची वात हाताने पेटवली जाते, त्याची दिशा बाटलीच्या कलावर ठरते आणि त्याची जळकी काडी कोणाच्या गच्चीत उतरेल हे उडवणाऱ्यालाही ठाऊक नसते. मॉडेल रॉकेटचा छंद जोपासणारी मंडळे वर्षातून काही ठरावीक दिवशी, विशेषतः पाश्चात्त्य देशांत उन्हाळ्याच्या सुट्टीत, मोकळ्या मैदानावर एकत्र येऊन उड्डाणदिन साजरा करतात. हा दिवस नेमका कसा चालतो, त्यामागचे विज्ञान काय आहे आणि पुण्यात, त्यातही कोथरूडसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात, तो भरवायचा झाल्यास काय करावे लागेल, याचा विचार येथे केला आहे.

या छंदाचा जन्म भीतीतून झाला, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक या गावी चपलाबुटांचे दुकान चालवणारे ऑर्विल कार्लाइल हे शोभेच्या दारूकामाचे जाणकार होते, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृती करण्याचा नाद होता. या दोघांनी १९५४ मध्ये आपापली कौशल्ये एकत्र करून कागदी नळीचे, पॅराशूटने परत येणारे पहिले मॉडेल रॉकेट तयार केले. त्याच सुमारास अमेरिकेतील अनेक मुले घरच्या घरी रसायने मिसळून, धातूच्या नळ्यांत ती ठासून अग्निबाण उडवू पाहत होती आणि त्यात बोटे, डोळे, प्रसंगी प्राणही गमावत होती. व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी या अपघातांविषयी नियतकालिकात लिहिले, तेव्हा १९५७ च्या सुरुवातीला कार्लाइल यांनी पत्र लिहून त्यांच्याशी संपर्क साधला. मुलांना रॉकेटपासून परावृत्त करता येत नसेल, तर निदान दारू ठासण्याचे काम त्यांच्या हातून काढून घ्यावे, हा त्यामागचा साधा विचार होता. पुढे स्टाइन यांनी याच वर्षी कंपनी आणि छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना अशी दोन्ही उभारली. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुट्निक उपग्रह अवकाशात गेल्यामुळे मागणी इतकी वाढली की, मोटर हाताने भरून भागेना. तेव्हा व्हर्न एस्टेस या तरुणाने साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार करणारे यंत्र बनवले आणि त्याला ‘मेबल’ असे नाव दिले. घरात दारू न हाताळता रॉकेट उडवणे हाच या छंदाचा पाया आहे, आणि आपल्याकडे त्याविषयी जे उत्साहाने बोलले जाते त्यात नेमकी हीच गोष्ट अनेकदा सुटून जाते.

मोटर म्हणजे कडक कागदाची, अंगठ्याएवढ्या जाडीची नळी असते. तिच्या खालच्या टोकाला भाजक्या मातीसारख्या पदार्थाचे अरुंद छिद्र, म्हणजे नॉझल, असते; त्यावर घट्ट दाबलेले काळ्या दारूचे इंधन, त्याच्यावर सावकाश जळत केवळ धूर सोडणारा विलंब-थर आणि सर्वांत वर पॅराशूट बाहेर ढकलणारा लहानसा निष्कासक भार असतो. या नळीवर छापलेला ‘सी ६-५’ यासारखा संकेत वाचता येणे ही मंडळातल्या नवख्या सभासदाची पहिली परीक्षा असते. त्यातील अक्षर एकूण आवेग, म्हणजे रेटा आणि तो किती वेळ टिकला यांचा गुणाकार, दाखवते. ‘ए’ गटाची मोटर अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘बी’ पाचपर्यंत आणि ‘सी’ दहापर्यंत आवेग देते, म्हणजेच प्रत्येक पुढच्या अक्षराबरोबर कमाल मर्यादा दुप्पट होत जाते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो, आणि शंभर ग्रॅमची वस्तू तळहातावर पेलताना जेवढा जोर जाणवतो तो साधारण एक न्यूटन असतो, हे लक्षात घेतले की सहा न्यूटन म्हणजे किती याचा अंदाज येतो. शेवटचा आकडा इंधन संपल्यानंतर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद सांगतो. हा विलंब कमी पडला तर रॉकेट वेगात वर जात असतानाच पॅराशूट उघडून फाटते आणि जास्त झाला तर रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे झेपावू लागल्यावर ते उघडते, म्हणून मोटरची निवड रॉकेटचे वजन मोजूनच करावी लागते.

पन्नास-साठ ग्रॅमचे रॉकेट ‘सी’ गटाच्या मोटरवर दोन सेकंदांच्या आत ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग घेते, मग इंधन संपल्यावर केवळ गतीच्या बळावर चढत सुमारे ३०० मीटर उंची गाठते आणि तेथून पॅराशूटने खाली येते. ते सरळ जाईल की भरकटेल, हे दोन बिंदूंवर ठरते. ज्या बिंदूवर दोरा बांधला असता रॉकेट आडवे तोलून राहते तो गुरुत्वमध्य आणि ज्या बिंदूवर हवेचा आडवा दाब एकवटल्यासारखा मानता येतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या व्यासाइतका नाकाकडे असेल, तर वाऱ्याने रॉकेट किंचित कलले तरी मागचे पंख त्याला पुन्हा मार्गावर आणतात. तो मागे असेल, तर रॉकेट दांडी सोडताच गिरक्या घेऊ लागते. दाबमध्य गणिताने काढण्याची सूत्रे जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात छांदिष्टांना उपलब्ध करून दिली, आणि आता संगणकावर ती क्षणात सुटतात. तरीही तयार रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवून पाहण्याची जुनी पद्धत मंडळांनी सोडलेली नाही, आणि ते योग्यच आहे. फिरवताना नाक पुढे राहिले तर रॉकेट उडवण्याजोगे. शेपूट पुढे आली तर नाकात शाडूचा गोळा घालून वजन वाढवायचे किंवा पंख मोठे करायचे. पंख अवास्तव मोठे केले तर मात्र रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवते आणि वर जाण्याऐवजी तिरपे पळते.

उड्डाणाच्या दिवशी मैदानावर सर्वांत महत्त्वाची व्यक्ती रॉकेट बनवणारी नसते, तर सुरक्षा अधिकारी असते. प्रत्येक रॉकेट त्याच्या टेबलावरून जाते. तो पंख हलवून पाहतो, मोटर नळीत घट्ट आहे का हे तपासतो, पॅराशूट आणि मोटर यांच्यामध्ये न जळणाऱ्या कागदाचा बोळा घातला आहे का हे विचारतो आणि शंका आल्यास रॉकेट परत करतो. त्यानंतर रॉकेट सुमारे ९० सेंटिमीटर लांबीच्या पोलादी दांडीवर चढवले जाते. रॉकेटला दिशा देण्याइतका वेग येईपर्यंत ही दांडीच त्याला सरळ ठेवते, आणि वाकून काम करताना तिचे टोक कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून उड्डाणापर्यंत त्यावर टोपण ठेवलेले असते. नॉझलमध्ये घातलेल्या बारीक तारेला विजेच्या क्लिपा जोडणारा सभासद उड्डाणाचे बटण असलेल्या नियंत्रण-पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात घेऊनच रॉकेटपाशी जातो, जेणेकरून तो तेथे असताना दुसऱ्या कोणाला बटण दाबताच येऊ नये. लहान मोटरसाठी किमान साडेचार मीटर आणि मोठ्या मोटरसाठी नऊ मीटर दूर उभे राहून, पाचपासून उलटी गणती मोठ्याने म्हणून बटण दाबले जाते. रॉकेट उडाले नाही, तर किल्ली काढून पूर्ण एक मिनिट कोणीही जागचे हलायचे नाही, असा अमेरिकी संघटनेच्या संहितेचा नियम आहे, आणि मुलांच्या उत्साहाकडे पाहता तो पाळून घेणे हेच त्या दिवसाचे सर्वांत कठीण काम म्हणावे लागेल. त्याच संहितेनुसार दांडी उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलवायची नाही, वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण करायचे नाही, ढगांत रॉकेट सोडायचे नाही, रॉकेटमध्ये ज्वलनशील किंवा स्फोटक वस्तू ठेवायची नाही आणि विजेच्या तारांत किंवा उंच झाडावर अडकलेले रॉकेट काढायला जायचे नाही.

पाश्चात्त्य देशांतला हा उन्हाळी उड्डाणदिन पुण्याच्या उन्हाळ्यात जसाच्या तसा उचलून आणता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुलांना सुट्टी असते हे खरे. पण याच दिवसांत टेकड्यांवरचे गवत वाळून कोळ झालेले असते, आणि नॉझलमधून बाहेर पडणारी ठिणगी त्यावर पडली तर वणवा लागायला वेळ लागत नाही. सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे झोत वर चढू लागतात; त्यांत सापडलेले हलके रॉकेट पॅराशूटसह खाली येण्याऐवजी तरंगतच राहते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो आणि वळवाचे ढग जमले की विजांचा धोका असतो. काळ्या दारूच्या मोटरलाही उन्हाळा मानवत नाही, कारण बंद मोटारगाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत तापून पुन्हा थंड झालेल्या मोटरमधील इंधनाला भेगा पडू शकतात आणि पेटवताच ती फुटते. या दिवसांचा एकच फायदा आहे आणि तो केवळ गणिती आहे: समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ३८ अंश सेल्सिअस तापमानाला हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे हवेचा विरोध कमी होऊन रॉकेट थोडे अधिक उंच जाते. एवढ्यासाठी मे महिन्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पुण्यात उड्डाणदिनाचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीतल्या शांत, स्वच्छ सकाळींचा आहे, आणि उन्हाळी सुट्टी बांधणी, वजन-मापे आणि आकडेमोड यांसाठी राखून ठेवावी, हेच शहाणपणाचे.

ऋतूपेक्षाही बिकट प्रश्न जागेचा आहे. ३०० मीटरवरून सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरणारे पॅराशूट जमिनीवर पोहोचायला एक मिनिट घेते, आणि या मिनिटभरात ताशी पंधरा किलोमीटरचा मामुली वारासुद्धा त्याला २५० मीटर वाहून नेतो. ‘सी’ गटासाठी मैदानाची लहान बाजू निदान १२० मीटर, ‘डी’साठी १५० मीटर आणि त्यावरच्या गटांसाठी ३०० मीटर असावी, असे संहिता सांगते. एकेकाळी शेतीवाडीचे गाव असलेल्या आणि आता पौड रस्ता, कर्वे रस्ता, डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी अशा वसाहतींनी भरून गेलेल्या कोथरूडमध्ये असे मैदान शोधणे म्हणजे मेट्रोच्या मार्गिका, गुलमोहराची झाडे आणि सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या यांना चुकवणारा नकाशा काढण्यासारखे आहे. वेताळ टेकडी मोकळी दिसते म्हणून मोह होतो. पण तेथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, वाळके गवत असते आणि ती पक्ष्यांची व वनस्पतींची जागा आहे, तेव्हा तिचा विचारसुद्धा सोडून द्यावा. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे आणि कोथरूडच्या नैऋत्येला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, म्हणून शंभर मीटरच्या वर जाणारे कोणतेही उड्डाण पोलीस आणि विमानवाहतूक यंत्रणा यांना विचारल्याखेरीज करू नये.

गंमत अशी की, घन इंधनाच्या अग्निबाणांविषयीचे ज्ञान ज्या शहरांत सर्वांत जास्त साठले आहे, त्यांत पुण्याचा क्रमांक फार वरचा लागेल. वेताळ टेकडीच्या पलीकडे पाषाणला संरक्षण संशोधन व विकास संघटनेची आयुध संशोधन संस्था आहे. ४४ सेकंदांत बारा अग्निबाण डागणारी आणि १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेलेली ‘पिनाक’ प्रणाली तिनेच विकसित केली. जवळच सुतारवाडीत उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे, जिचे कामच स्फोटके आणि प्रणोदके, म्हणजे अग्निबाणाला पुढे ढकलणारी इंधने, यांवर चालते. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात भारताच्या उपग्रह प्रक्षेपकांसाठी मोटरची पोलादी आवरणे बनली आहेत. भारतीय घन प्रणोदकाचे एक प्रमुख शिल्पकार डॉ. वसंत गोवारीकर यांचा जन्म १९३३ मध्ये पुण्यातच झाला. ते १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते, पुढे १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाशी जोडले गेलेले प्रणोदक रबरासारख्या बहुवारिकात जारक आणि ॲल्युमिनिअमची भुकटी मिसळून ओतले जाते, आणि पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात ते १३९ टन भरलेले असते. ‘सी’ गटाच्या मोटरमधले सुमारे बारा ग्रॅम इंधन याच्या एक कोटीव्या हिश्शापेक्षाही कमी आहे. मात्र दोन्हींच्या उड्डाणाला लागू होणारे न्यूटनचे नियम एकच आहेत.

असे असूनही कोथरूडच्या मुलाला दुकानातून ‘सी’ मोटर विकत घेता येत नाही, आणि ते अकारण नाही. स्फोटकांची निर्मिती, साठवण, वाहतूक आणि विक्री १८८४ च्या स्फोटके कायद्याने आणि त्याखालच्या २००८ च्या नियमांनी परवान्याच्या कक्षेत आणली आहे, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. त्यामुळे आपल्याकडे मॉडेल रॉकेट उडवणे बव्हंशी संस्थात्मक चौकटीत घडते. इन-स्पेस, म्हणजे खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी व साहाय्य देणारी केंद्र सरकारची संस्था, हिने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट, म्हणजे डब्याच्या आकाराचा छोटा उपग्रहसदृश संच, यांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि तिची उड्डाणे ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ वरून अवकाशात गेला होता, हे लक्षात घेतले तर पुण्यातल्या तरुणांची कुवत हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो शाळकरी वयाचा, कारण त्या वयात उत्साह भरपूर असतो आणि परवान्याची वाट पाहण्याइतका धीर नसतो. नेमक्या याच फटीतून आंतरजालावर पाहून स्वयंपाकघरात इंधन शिजवण्याचे प्रयोग होतात. ते बेकायदा तर आहेतच, शिवाय १९५० च्या दशकात अमेरिकी मुलांची बोटे ज्या कारणाने गेली तेच कारण येथे पुन्हा जागे होते, म्हणून पालकांनी या बाबतीत अजिबात सवलत देऊ नये.

शाळेच्या पातळीवर यावरचा उपाय पाण्याच्या रॉकेटचा आहे. शीतपेयाची दोन लिटरची बाटली तृतीयांश पाण्याने भरायची, बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि दूर उभे राहून दोरीने खटका ओढायचा. दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते. येथे इंधन नाही, ठिणगी नाही आणि परवाना लागेल असे काही नाही, तरी पंख, गुरुत्वमध्य, पॅराशूट, वारा आणि उलटी गणती हे सगळे जसेच्या तसे आहे. मात्र हवेचा दाब हीसुद्धा साठवलेली ऊर्जाच असल्याने दाबमापक असलेलाच पंप वापरावा, तीन-चार वातावरणांच्या पुढे दाब नेऊ नये, ओरखडे पडलेली बाटली फेकून द्यावी आणि भरलेल्या बाटलीवर कोणी वाकू नये.

उंची मोजण्याचे काम या दिवसाचा सर्वांत रंजक भाग ठरू शकते, कारण दहावीच्या भूमितीतला उन्नत कोन येथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूपासून दोऱ्याने वजन लोंबकळते ठेवायचे, त्याच्या सरळ कडेवर शीतपेयाची नळी चिकटवायची, उड्डाणस्थळापासून नेमक्या १०० मीटरवर उभे राहून त्या नळीतून रॉकेटच्या सर्वोच्च बिंदूकडे पाहायचे आणि दोरा ज्या अंशावर येईल त्यावरून क्षितिजापासूनचा कोन काढायचा. हा कोन ६० अंश असेल तर ६० अंशांचा टॅन १.७३ असल्यामुळे उंची १७३ मीटर येते, त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. कोन वाचताना केवळ दोन अंशांची चूक होऊन तो ६२ वाटला, तर तीच उंची १८८ मीटर निघते, म्हणजे पंधरा मीटरचा फरक पडतो. पाण्याचे रॉकेट याहून बरेच खाली राहत असल्याने त्यासाठी तीस-चाळीस मीटर अंतर पुरते. शिवाय रॉकेट वाऱ्याकडे झुकले की एकाच निरीक्षकाचे उत्तर चुकते, म्हणून विरुद्ध बाजूंना दोन निरीक्षक उभे करून सरासरी घेतात. उंचीचा खेळ जुना झाला की अमेरिकेत राईट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये सुरू झालेल्या शालेय स्पर्धेप्रमाणे रॉकेटमध्ये कच्चे अंडे ठेवून ते न फुटता परत आणण्याची अट घालता येते, आणि मग पॅराशूटच्या व्यासावरून जी वादावादी होते ती ऐकण्यासारखी असते.

कोथरूड परिसरातील शाळांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि गृहसंस्थांनी या दृष्टीने एक गोष्ट करावी. येत्या डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेसाठी शाळेचे मैदान पाण्याच्या रॉकेटांना द्यावे, पाषाणच्या प्रयोगशाळांतून निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञांपैकी एखाद्याला सुरक्षा अधिकारी म्हणून बोलवावे आणि कोणतेही उड्डाण कारण न सांगता थांबवण्याचा अधिकार त्याला आधीच लेखी द्यावा.